ऑर्गनवर बनूचं गाणं

सावेडी, नगर
५ जानेवारी २०२६

आप्पा, जयभीम.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. माझं नाव दिसलं की तुम्ही मोबाईल उपडा करून ठेवता, हे आईनं सांगितलं. पण लिहिलेला कागद हातात आला आणि तुम्ही तो न वाचता ठेवलात, असं मी जन्मात पाहिलेलं नाही. भेळ संपल्यावर भेळीचा कागद वाचणारा माणूस लेकीचं पत्र वाचेलच, एवढी मला खात्री आहे.

आधीच सांगते, हे माफीचं पत्र नाही. वर्षापूर्वीच्या डिसेंबरात मी भंडारदऱ्याच्या त्या हॉटेलात वाजवलं आणि चांगलं वाजवलं. वाल्मिकनं चुलतभावाचं कर्तव्य म्हणून तुम्हाला त्याचा व्हिडिओ दाखवला. तुम्हाला त्यात टेबलांवरचे ग्लास दिसले. तुम्ही म्हणालात, "ज्या हातानं समाजाचं गानं वाजलं तो हात दारूच्या गिलासापुढं? आता गायनपार्टीत यायचं न्हाई." मी "बरं" म्हणाले आणि नगरला निघून आले. माझा कीबोर्ड तुम्ही वाल्मिकला दिलात. तो बरा वाजवतो. फक्त त्याच्या डाव्या हातालाही काहीतरी काम द्या.

व्हिडिओत जे आलं नाही ते सांगते. धरणाकडून गार वारा येत होता, लोक आपापल्या गप्पांत होते, आणि तिसऱ्या गाण्याला कोपऱ्यातल्या टेबलावरची एक बाई जेवता जेवता थांबली. घास हातातच राहिला. मग तिच्या शेजारचा थांबला. तुम्हीच सांगायचात ना, पंगतीतला माणूस ज्याच्यासाठी घास थांबवतो तो खरा गाणारा? मी तुमच्याच शाळेतली आहे.

पण त्या रात्री मी एक ठरवलं. लोक नुसते ऐकायला बसलेत आणि आम्ही वाजवतोय, असा कार्यक्रम करायचा. तो ठरलाय. रविवारी, १ फेब्रुवारीला, संध्याकाळी साडेसहाला, मी शिकवते त्या शाळेच्या सभागृहात. ऑर्गन, गिटार आणि ड्रम. जॅझ.

जॅझ म्हणजे काय हे पुस्तकातलं सांगत नाही. एक चाल असते. आधी सगळे मिळून ती वाजवतात. मग एकेक जण ती चाल घेऊन आपल्या वाटेनं लांब फिरून येतो, आणि बाकीचे तोवर घर सांभाळतात. मुकाबल्यात समोरच्या पार्टीनं सवाल टाकला की तुम्ही उभ्या उभ्या कडवं जोडून जवाब द्यायचात, तसंच. फक्त इथं जोडायचे ते सूर.

ऑर्गन म्हणजे मात्र पेटी समजू नका. इथल्या एका चर्चमध्ये जुना, विजेवर चालणारा ऑर्गन झाकून पडला होता. त्यांना नवा छोटा कीबोर्ड मिळाल्यावर पास्टरसाहेबांनी मला विचारलं, तुमच्याकडं जागा आहे का? जागा नव्हती. मी हो म्हणाले. आता तो माझ्या बाहेरच्या खोलीत आहे आणि सोफा टेरेसवर आहे. वरखाली कीबोर्डासारख्या दोन पट्ट्या, आणि खाली पायानं दाबायच्या लाकडी दांड्या. बास वाजवायला वेगळा माणूस लागत नाही, तो माझा डावा पाय वाजवतो. सोबत कपाटाएवढा लाकडी स्पीकर, त्याच्या आत भोंगा गरगर फिरतो. सूर धरून ठेवला की तो श्वास घेतल्यासारखा हलतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तुमचा चढा "जी जी रं" आठवला होता. हसू नका.

पास सोबत पाठवतेय. आईचा आणि तुमचा.

तुमची,
जयमाला


सावेडी
१५ जानेवारी

आप्पा, जयभीम.

उत्तर आलं नाही, पण पत्र पोचलं आणि वाचलं गेलं हे कळलं. आमचे हेर काष्टीत, तुमच्याच घरात आहेत.

आज माझ्या दोन साथीदारांची ओळख करून देते. गिटारवर नितीन. बाजारपेठेत त्याचं चष्म्याचं दुकान आहे. बोलतो कमी. कोणी वाईट वाजवलं की तो काही म्हणत नाही, स्वतःचा चष्मा काढून पुसत बसतो. मी त्याला चष्मा फार वेळा पुसू देत नाही.

ड्रमवर गहिनीनाथ, शनिशिंगणापूरचा. तुमच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान असेल. लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवण्यात हयात गेली. शनिवारी तो मिळत नाही, भावाच्या पूजेच्या दुकानात गर्दी असते, म्हणून कार्यक्रम रविवारी. एकदा आम्ही तालीम त्याच्या घरी ठेवली. त्या गावात घरांना दारं नाहीत हे मी विसरले होते. अर्ध्या तासात सगळी आळी आत येऊन बसली आणि एका आजीनं मला विचारलं, "वरात कंची हाय?"

त्याला जॅझचा ठेका समजावताना मी घामाघूम झाले. मी आकडे मोजून सांगत होते, तो मान हलवत होता, आणि वाजवताना पुन्हा वरात निघत होती. शेवटी नितीन म्हणाला, "गहिनीनाथभाऊ, नवरदेव घोड्यावरनं उतरलाय. आता मांडवापर्यंत पायी चाललाय. दमलाय, पण खुशीत आहे." गहिनीनाथनं काड्या खाली ठेवल्या, थोडा विचार केला, परत उचलल्या. आणि आला ठेका, आप्पा! थोडा मागं रेलून चालणारा. मी पायानं बास धरला आणि आम्ही तिघं तसेच चालत राहिलो. थांबावंसं कोणालाच वाटेना.

त्या चालण्यातच ते झालं, ज्यासाठी आजचं पत्र लिहितेय. माझ्या उजव्या हाताखाली आपोआप आपली चाल आली. तुमची. "बनू निघाली नागपूरला."

मी मुद्दाम आणली नाही. ठेका चालण्याचा होता आणि लहानपणापासून चालण्याचं एकच गाणं माझ्या अंगात आहे. छप्पन सालच्या दीक्षेला बनूआजी भाकरी बांधून नागपूरला निघाली, त्या वाटेचं. नितीननं खालून सूर भरले. ती चाल ऑर्गनवर इतकी मोठी झाली की माझे मलाच हात थांबवून ऐकावंसं वाटलं.

म्हणून विचारते. हे गाणं आम्ही १ तारखेला वाजवू का? नुसती चाल, शब्दांशिवाय.

तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. ज्या गाण्यात शब्द नाही ते कोणाच्या कामाचं, शब्दानं माणूस जागा होतो, नुसत्या सुरानं झोप येते. लहानपणी वस्त्यावस्त्यांतून हे मी ऐकलंय आणि लोक जागे होताना पाहिलेतही. त्याला मी खोटं म्हणत नाही. पण ज्यांनी हे संगीत काढलं ते अमेरिकेतल्या गुलामांचे नातू-पणतू. त्यांच्या तोंडच्या शब्दांवर पहारा होता. सुरावर कोणाला पहारा बसवता आला नाही. हे सांगून मला तुमच्या परीक्षेत पास व्हायचं नाही. एवढंच म्हणणं आहे की न बोलता बोलणारीही माणसं असतात.

गाणं तुमचं आहे. हो म्हणालात तर वाजवीन. नाही म्हणालात तर नाही.

जयमाला


सावेडी
२५ जानेवारी

आप्पा, जयभीम.

तुमचं उत्तर मिळालं. आईच्या तोंडून मिळालं, पण मिळालं.

काल तिचा फोन आला. मी विचारलं, "आप्पा काय म्हणाले?"

"काय म्हननार. पत्र वाचलं. घडी घातली. परत उघडलं, परत वाचलं. मग अंगनात जाऊन बसले."

"मग?"

"मग जेवताना म्हनले, तिला सांग, शब्दाशिवाय न्हाई. माज्या आईचं गानं मुकं करायचं न्हाई."

ठीक आहे. वाजवणार नाही. गहिनीनाथ फार खट्टू झाला. त्याला ते गाणं सगळ्यांत जास्त आवडलं होतं. "आप्पांना मी येऊन भेटू का?" म्हणत होता. मी सांगितलं, आप्पांचा नाही हा नाहीच असतो, आणि असाच असावा. कोणी हात जोडले म्हणून आपले शब्द बदलणारा माणूस असता तर ते गाणं झालंच नसतं.

पण माझं म्हणणंही मी सोडलेलं नाही, हे नोंदवून ठेवते. मुकं आणि नि:शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इकडं तयारी जोरात आहे. आमच्या मुख्याध्यापिका रुपाली मॅडम काळजीत आहेत. त्यांना वाटतं, लोक येणार नाहीत, आले तर बसणार नाहीत, बसले तर सिनेमाचं गाणं वाजवा म्हणून आरडाओरड करतील. त्या म्हणाल्या, "जयमाला, मध्ये दोन ओळखीची गाणी टाकायची का? लोकांना बरं वाटेल."

मी म्हणाले, "मॅडम, पहिल्यांदा भेटलेल्या माणसाची ओळख व्हायला तो आधी भेटावा लागतो. लोकांना भेटू तर द्या."

मी ठाम आहे. मला भीती वाटत नाही असं नाही, पण भीतीपेक्षा उत्सुकता मोठी आहे. स्टेजवर चढताना घाबरायला झालं तर काय करायचं, हे तुम्ही मला आठव्या वर्षी शिकवलंत. पहिल्या रांगेकडं बघायचं नाही, शेवटच्या रांगेकडं बघून वाजवायचं. तिथपर्यंत पोचलं की मधले आपोआप येतात.

आई विचारत होती, "मी येऊ का गं?" तिला पास आधीच पाठवलाय, हे तिला माहीत नव्हतं. तो कुठं ठेवलात, आप्पा? असू द्या. आईला, म्हणजे चांगुणाबाईंना, पास लागत नाही. भारतीमावशी आणि गल्लीतल्या आणखी दोघीतिघी जीप करून येणार आहेत. जीपमध्ये एक जागा रिकामी आहे, हेही आईनंच सांगितलं.

जयमाला


सावेडी
३ फेब्रुवारी

आप्पा, जयभीम.

तुम्ही आला नाहीत. म्हणून सगळं सांगते, आणि जसं झालं तसं सांगते.

सभागृह भरलं. अगदी शेवटची रांग नाही, पण तिच्या आधीपर्यंत. शाळेतले शिक्षक, चर्चमधली मंडळी, नितीनची गिऱ्हाइकं (हे लांबूनच कळत होतं, सगळ्यांना चष्मे होते). गहिनीनाथचे बँडवाले लग्न आटोपून थेट आले, लाल कोट आणि सोनेरी झालर तशीच. ते एका रांगेत बसले तेव्हा रुपाली मॅडमना वाटलं कार्यक्रम त्यांचाच आहे. तिसऱ्या रांगेत आई, भारतीमावशी आणि आपल्या गल्लीतल्या बाया. आईनं लग्नाकार्यातली निळी साडी नेसली होती.

मी चपला काढल्या, बाकावर बसले आणि शेवटच्या रांगेकडं पाहिलं.

पहिली चाल अमेरिकेतली जुनी, साधी, मध्यम लयीची. ती झाली, नितीन त्याच्या वाटेनं फिरून आला, मी फिरून आले, आणि सभागृहात नुसती शांतता. टाळ्या नाहीत. लोकांना कळेना, संपलं का अजून आहे. मला मात्र बरं वाटलं. कंटाळलेल्या माणसांची शांतता वेगळी असते, खुर्च्या वाजतात. खुर्च्या वाजत नव्हत्या.

दुसऱ्या गाण्यात नितीननं एक अशी जागा घेतली की बँडवाल्यांतला एक न राहवून ओरडला, "आरं, क्या बात!" आणि सगळं सैल झालं. मधेच टाळी वाजवली तर चालते, ओरडलं तर चालतं, हे लोकांना उमगलं. तुमच्या कार्यक्रमात जे कोणाला शिकवावं लागत नाही, ते इथं एका लाल कोटवाल्यानं शिकवलं.

मग संथ गाणं. दिवे मी मुद्दाम कमी करायला लावले होते. स्पीकरमधला भोंगा हळूहळू फिरायला लागला, सूर लांबत गेला, आणि मी पायानं सगळ्यांत खालचा सूर धरला. तो ऐकू येण्याआधी जाणवतो. भारतीमावशी नंतर सांगत होती, "मला वाटलं, रस्त्यानं ट्रक चाललाय. मग म्हनलं, ट्रक एवढा गोड कसा?" त्या गाण्याला कोणी ओरडलं नाही. संपल्यावर एकदम टाळ्या आल्या नाहीत, एकेक करत आल्या, आणि मग थांबेनात.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. "काष्टीचा बाजार" म्हणून आम्ही एक नवीन चाल बांधलीय, फार जलद. त्यात सगळ्यांनी एकदम बोलायचं असतं, गुरांच्या बाजारात बोलतात तसं. गहिनीनाथ रंगात येऊन पुढं पळाला, नितीन मागं राहिला, आणि दोघं एकमेकांना हरवून बसले. नितीननं माझ्याकडं पाहिलं. चष्मा पुसायला हात मोकळा नव्हता! मी उजवा हात उचलून घेतला आणि नुसता पायानं बास वाजवत राहिले. इकडं या, इकडं या. आधी गहिनीनाथ आला, मग नितीन. लोकांना वाटलं आम्ही ते ठरवून केलं. सगळ्यांत मोठी टाळी त्यालाच मिळाली. मी कोणाला खरं सांगितलेलं नाही.

कार्यक्रम संपला. आम्ही उभे राहिलो, नमस्कार केला. लोक उठेनात. "आणखी एक," म्हणायला लागले. आमच्याकडं बसवलेलं एकही गाणं शिल्लक नव्हतं. म्हणजे एक होतं.

मी नितीनला म्हणत होते की पहिलंच परत घेऊ, तेवढ्यात गहिनीनाथ मागं सुरू झाला. तोच ठेका. नवरदेव मांडवाकडं चालत निघालेला. मी वळून मान हलवली, नको. तो म्हातारा माझ्याकडं न बघता डोळे मिटून वाजवतोय. ऐकायचं नसलं की तो डोळे मिटतो.

मग मी माइक घेतला आणि लोकांना जे होतं ते सांगितलं. "हा ठेका ज्या गाण्याचा आहे ते माझ्या आप्पांचं आहे. सहादू भिंगारदिवे, काष्टी. आम्ही ते बसवलं होतं. पण शब्दांशिवाय वाजवायला त्यांनी नाही म्हटलंय, म्हणून ते वाजवणार नाही."

गहिनीनाथ थांबला नाही.

आणि आई उठली.

तिसऱ्या रांगेतून तिथूनच, माइक नाही काही नाही, मला म्हणाली, "शब्दाशिवाय न्हाई म्हनले ना ते?"

"हो."

"मंग शब्द हायेत की."

भारतीमावशीनं तिचा पदर ओढला, "अगं चांगुणा, बस खाली." आईनं पदर सोडवून घेतला आणि पायऱ्या चढून वर आली. ऑर्गनपाशी येऊन उभी राहिली. आप्पा, माझा जन्म व्हायच्या आधीपासून ती तुमच्या पार्टीत मागच्या ओळीत उभी आहे. तुमचं ध्रुपद झेलते, टाळी धरते. ती एकटी पुढं उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. माइक कसा धरायचा ते मी सांगायला गेले तर म्हणाली, "म्हाईत हाय मला."

मी तुमच्या पट्टीत सूर दिला, काळी दोन. तिनं मान हलवली. "ही त्यांची. वर घे." मी चढवत गेले. काळी चारला आल्यावर ती म्हणाली, "हां."

आणि गायली.

"बनू निघाली नागपूरला, भाकर बांधली पदरात,
मान खाली घालून गेली, मान वर करून आली दारात."

आवाज थोडा खरबरीत होता, पण सूर पक्का. दुसऱ्या ओळीला आपल्या गल्लीतल्या बायांनी खालून झेल दिला. तुमचं दुसरं कडवंही झालं, आगगाडीतल्या गर्दीचं. मग ती थांबली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आता तू ये फिरून."

मी निघाले. शब्दांशिवाय, आप्पा. पण लोकांच्या कानात शब्द पडलेले होते. मी नुसती चाल वरच्या पट्टीवर घेतली तरी पुढच्या रांगेतल्या पास्टरसाहेबांचे ओठ हलत होते. तेव्हा मला कळलं की तुम्ही म्हणत होतात त्यात काहीतरी होतं. तिनं शब्द आधी टाकले नसते तर मी इतकी लांब गेले नसते. आणि मी लांब गेले नसते, तर पुढं जे झालं ते झालं असतं की नाही कोण जाणे. मी परत आले, ध्रुपद झालं, गाणं संपणार म्हणून मी हात आवरता घेतला. आई थांबली नाही.

"भाकर थापली मनकर्णेनं, चूल तिनं जागवली,
बनू गेली नागपूरला, लेकरं तिनं सांभाळली.
गाडी गेली धूर सोडत, ती राहिली उंबऱ्यात,
तिची बी मान वर झाली गं, बघितली न्हाई कुनी गावात."

मला वाटलं, तुम्ही नवीन कडवं केलंत. खालच्या बायांनाही ते येत नव्हतं, त्या झेल द्यायच्या थांबल्या. नितीन नुसता एकेक तार छेडत राहिला. गहिनीनाथनं काड्या ठेवून हातानं ठेका धरला. शेवटची ओळ तिनं तीनदा म्हटली आणि माइक माझ्या हातात देऊन खाली जाऊन बसली. लोक उभे राहिले. ती मात्र भारतीमावशीला पाण्याची बाटली मागत होती.

नंतर शाळेच्या व्हरांड्यात चहा घेताना मी विचारलं, "आई, ते कडवं आप्पांनी कधी केलं?"

"त्यांनी कुठं? म्या केलं."

"कधी?"

"मनकर्णा आत्याबाई गेल्या तवा." तुमची चुलती. शेवटची दोन वर्षं आईनंच त्यांचं सगळं केलं ना? "अंथरुनात पडल्या पडल्या सांगायच्या मला. भाकरी म्या थापल्या गं, बनूबाई निघाल्या तवा. मला बी जायचं हुतं. पन लेकरं कुनाकडं ठेवायची? बाबासायबाचं नाव घेऊन उंबऱ्यात उभी राहिले, म्हनायच्या. तिथंच घेतली म्या दीक्षा."

"मग इतकी वर्षं आप्पांना का सांगितलं नाहीस?"

आईनं बशीत चहा ओतला. "त्यांनी कदी इचारलं न्हाई, अजून कडवं हाय का म्हनून."

ती रागानं बोलली नाही, आप्पा. चहा गार होतोय म्हणाली आणि प्याली.

हे पत्र लिहिताना मी तुम्हाला कशातही हरवत नाहीये. तुमचं गाणं तुमच्या अटीवरच झालं, शब्दांसकट. त्या संध्याकाळी मी आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं वाजवलं आणि तुम्ही ते ऐकायला हवं होतंत, एवढंच.

जयमाला


काष्टी, ता. श्रीगोंदा
११ फेब्रुवारी २०२६

चि. जयमाला, जयभीम.

तुझी चारी पत्रं पोचली. वाचली.

तुझी आई जीपमधून उतरली तेव्हा नुसती "झाला कार्यक्रम" म्हणाली. बाकी मला तुझ्या पत्रातून कळलं. मी तिला म्हणालो, ते कडवं म्हणून दाखव. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "हितं न्हाई. त्याला मागं ऑर्गन लागतो." दुसऱ्या दिवशी परत म्हणालो. तर म्हणाली, "ऐकायचं हुतं तर यायचं. जीपमदी जागा हुती." तेव्हा मी तुझ्या पत्रातूनच ते उतरवून घेतलं आणि अंगणात बसून म्हणून पाहिलं. माझ्या पट्टीत ते बसत नाही.

छप्पन साली मी तीन वर्षांचा. आई नागपूरला गेली हे मी सगळ्या जिल्ह्याला गाऊन सांगितलं. ती गेली तेव्हा मी कुठं होतो, हा विचार मला कधी शिवला नाही. चुलतीच्या कडेवर असणार. त्याच उंबऱ्यात. माझ्याच गाण्यात मला माझी जागा तुझ्या आईनं दाखवली. मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "बरं झालं. आता जेवा."

भंडारदऱ्याच्या बाबतीत माझं मत तेच आहे. तुझंही तेच असणार. असू दे.

चौदा एप्रिलला रात्री आपल्या पार्टीचा कार्यक्रम चौकात आहे. बनूचं गाणं तीन कडव्यांचं होईल. तुझी आई काळी चारमध्ये पुढं उभी राहून म्हणणार आहे, मी मागं झेल देणार आहे. ते मला जमतं का, हे तिनं दोनदा तपासून घेतलंय. वाल्मिकला सांगितलंय, त्या गाण्याला तू बाजूला बस आणि ताईचा डावा हात बघ. तुझ्या त्या चष्मेवाल्याला आणि शिंगणापूरच्या ड्रमवाल्याला आमच्याकडून निमंत्रण सांग. चौदा तारीख शनिवारी येत नाही, मी कॅलेंडर पाहिलंय.

स्टेजवाल्याला मी आजच बोलावलं आहे. तो विचारतो, खाली बल्ल्या किती लावायच्या. तेव्हा ऑर्गनचं वजन लगेच कळव. पत्र नको, फोन कर. मी उचलतो.

सहादू भिंगारदिवे